कामातून पदवी : गणिताच्या पदवी शिक्षणातील लवचिकतेचा इतिहास आणि लोटे परिसर

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील लोटे हे गाव आज मुंबई-गोवा महामार्गावरील रासायनिक उद्योगांचे केंद्र म्हणून ओळखले जाते. एकेकाळी या परिसरातील तरुण रोजगारासाठी मुंबईची वाट धरीत असे. लोटे-परशुराम औद्योगिक क्षेत्र उभे राहिल्यानंतर ही वाट काही अंशी उलटली. रोजगार गावाजवळ आला, परंतु त्याबरोबर उच्च शिक्षणाचा एक जुनाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. जो तरुण कारखान्यात पाळीने काम करतो, त्याने पदवी कशी मिळवावी? आणि ती पदवी गणितासारख्या सलग व एकाग्र अभ्यासाची अपेक्षा करणाऱ्या विषयात असेल, तर त्याच्या कामाचे आणि त्याच्या अभ्यासाचे नाते काय असावे?

कामाचा अनुभव समाविष्ट असलेली लवचीक पदवी ही कल्पना अलीकडच्या शैक्षणिक धोरणातून आली, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अपुरा आहे. काम करीत गणिताची पदवी मिळविणारा विद्यार्थी महाराष्ट्रात किमान एकशेचाळीस वर्षांपासून आहे. विद्यापीठाने मात्र त्याच्या कामाची दखल फार उशिरा घेतली. प्रस्तुत निबंधात या दखलीचा इतिहास मांडण्याचा आणि त्याच्या आधारे लोटे परिसरासमोरील प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी काम आणि शिक्षण यांच्या संबंधाचे तीन प्रकार कल्पिले आहेत : शिक्षणासाठी काम, कामाबरोबर शिक्षण आणि कामातून शिक्षण. पहिल्या प्रकारात काम हे केवळ उदरनिर्वाहाचे व शुल्काचे साधन असते. दुसऱ्यात नोकरदार विद्यार्थ्याच्या सोयीने संस्था आपले वेळापत्रक बदलते. तिसऱ्यात मात्र काम हाच अभ्यासक्रमाचा भाग होतो आणि त्याला श्रेयांक मिळतात. हे तीन प्रकार साधारणपणे याच क्रमाने अस्तित्वात आले, तथापि नवा प्रकार आला म्हणून जुना संपला असे झालेले नाही.

१. शिक्षणासाठी काम : खेड तालुक्यातील एक उदाहरण

लोट्याच्याच तालुक्यातील शेरवली या गावी १८ एप्रिल १८५८ रोजी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. स्त्रीशिक्षणाचे कार्य आणि १९१६ साली स्थापन केलेले महिला विद्यापीठ यांमुळे महर्षी कर्वे सर्वांना परिचित आहेत. ते गणिताचे पदवीधर होते आणि ती पदवी त्यांनी शिकवण्या करीत मिळविली, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे.

कर्व्यांचे बालपण दापोलीजवळील मुरुड येथे गेले. इयत्ता सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले, परंतु वय कमी दिसते या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. नियमाला परीक्षार्थीचे ज्ञान तपासण्याची गरज वाटली नाही, त्याचा चेहरा पुरला. पुढे १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. मुंबईत प्रथम विल्सन महाविद्यालयात व नंतर एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८८४ साली गणित विषय घेऊन बी. ए. ची पदवी संपादन केली. विद्यार्थिदशेतच त्यांच्यावर संसाराची जबाबदारी होती. त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांचा जन्म जानेवारी १८८२ मधील आहे. शिकवण्या हा त्या काळातील त्यांच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा आधार होता.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. त्याच १८८४ साली, त्याच एल्फिन्स्टन महाविद्यालयातून रत्नागिरी जिल्ह्यातीलच आणखी एक विद्यार्थी पदवीधर झाला. गुहागरजवळील कोतळूक येथे १८६६ साली जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा अठरा वर्षांचे होते, तर कर्वे सव्वीस वर्षांचे. गोखल्यांची परिस्थितीही गरिबीचीच होती, परंतु त्यांच्या शिक्षणाचा भार थोरल्या बंधूंनी उचलला होता. या दोघांच्या वयातील आठ वर्षांच्या अंतरात बरीच कारणे सामावली आहेत : गावात पुढील शिक्षणाची सोय नसणे, परीक्षेचे ताठर नियम आणि अर्थार्जनाची निकड. विद्यापीठाच्या दप्तरी मात्र दोघांची पदवी सारखीच होती. कर्व्यांनी शिकवण्यांमध्ये घालविलेल्या तासांची नोंद करण्याची कोणतीही सोय त्या दप्तरात नव्हती.

वस्तुतः ते तास गणिताच्या दृष्टीने वाया गेले नव्हते. दुसऱ्याला गणित समजावून देणे ही स्वतःच्या आकलनाची कसोटी असते. पदवीनंतर कर्व्यांनी मुंबईतील निरनिराळ्या शाळांत गणित शिकविले. १८९१ साली गोखल्यांच्या निमंत्रणावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९१४ पर्यंत त्या पदावर राहिले. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यामुळे गणिताच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली होती. कर्व्यांच्या घरी राहून मुंबईत शिकलेले आणि नात्याने त्यांचे धाकटे बंधू लागणारे दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झाले. म्हणजे शिकवण्यांवर उभ्या राहिलेल्या एका संसाराने आणखी एका गणितज्ञाच्या शिक्षणाला आधार दिला होता.

२. विद्यापीठाची चौकट : परीक्षा खुली, उपस्थिती बंधनकारक

कर्व्यांच्या जन्माच्या वर्षाला या विषयाच्या इतिहासात आणखी एक महत्त्व आहे. १८५८ साली लंडन विद्यापीठाने नव्या सनदेद्वारे, संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्या व्यक्तींनाही पदवी परीक्षेस बसण्याची मुभा दिली. बहिःस्थ पदवीची ती सुरुवात होय. आदल्याच वर्षी, १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्याच नमुन्यावर उभारलेले होते. ते स्वतः शिकवीत नसे, संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन पदव्या देत असे. मात्र पदवीसाठी महाविद्यालयात ‘टर्म भरणे’ येथे आवश्यक राहिले. परीक्षा हीच अंतिम कसोटी मानणाऱ्या विद्यापीठाने परीक्षेपूर्वीची उपस्थिती मात्र सोडली नाही.

या अटीचा फटका सर्व विषयांना सारखाच बसत होता, तरी गणिताच्या बाबतीत ती अट सर्वांत कमी समर्थनीय होती. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, भूशास्त्राला क्षेत्रभेटी लागतात. गणिताला कागद, पुस्तक आणि शंका विचारता येईल असा मार्गदर्शक एवढेच लागते. तथापि ‘मार्गदर्शक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गणितातील सिद्धता एकट्याने वाचताना एक पायरी अडली, की पुढचे सारे अडते. लवचिकतेचा विचार करताना वेळेचे बंधन सैल करणे सोपे असते, मार्गदर्शनाची उणीव भरून काढणे कठीण असते. पुढील इतिहासात ही अडचण पुनःपुन्हा दिसून येते.

याच चौकटीची दुसरी मर्यादा दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या उदाहरणातून स्पष्ट होते. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेल्या कापरेकरांनी १९२९ साली पदवी घेतली आणि १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शाळाशिक्षक म्हणून नोकरी केली. त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली नाही. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी संख्यांच्या गुणधर्मांवर जे काम केले, त्यातील ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ आज जगभर परिचित आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करीत गेल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या मिळते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील आपल्या सदरात त्यांच्या कामाविषयी लिहिल्यानंतर त्यांची कीर्ती जगभर पसरली. नोकरी करीत केलेल्या या गणिती कामाचे शैक्षणिक मूल्यमापन करील अशी यंत्रणा आपल्या विद्यापीठांत नव्हती. वर्गातली उपस्थिती मोजण्याची सोय होती, वर्गाबाहेरच्या ज्ञानाची नव्हती.

३. कामाबरोबर शिक्षण : रात्रशाळेपासून मुक्त विद्यापीठापर्यंत

श्रमिकांच्या वेळेनुसार शाळा भरविण्याची महाराष्ट्रातील परंपरा महात्मा जोतीराव फुले यांच्यापर्यंत मागे जाते. त्यांनी व सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात हे तत्त्व रुजण्यास मात्र बराच काळ जावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन केले. तेथे सकाळच्या वेळी वर्ग भरत असल्याने नोकरदारांना शिक्षण घेणे शक्य झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात (१९४७) ‘कमवा आणि शिका’ योजना राबविली. या योजनेने श्रमाला प्रतिष्ठा दिली आणि गरीब विद्यार्थ्याला महाविद्यालयाचे दार उघडले. शेतातले काम आणि वर्गातला विषय यांची सांगड घालणे हा तिचा मुख्य हेतू नव्हता. त्या अर्थाने ती ‘शिक्षणासाठी काम’ या प्रकाराचे सुसंघटित व सन्माननीय रूप होती.

त्यानंतरचा टप्पा पत्रद्वारा शिक्षणाचा. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा अभ्यासक्रमांची व्यवस्था उभी केली. याच सुमारास, १९६९ साली सनद मिळालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये अध्यापन सुरू केले. गणिताचा पायाभूत अभ्यासक्रम त्याच्या पहिल्या वर्षापासूनच उपलब्ध होता. भारतात १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पदवी कार्यक्रमात कलनशास्त्र, रैखिक बीजगणित, अमूर्त बीजगणित, संभाव्यता व संख्याशास्त्र असे गणिताचे स्वतंत्र अभ्यासक्रम निवडता येऊ लागले. पदवी ९६ श्रेयांकांची होती. एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास, आणि तीन ते सहा वर्षांत ती पूर्ण करण्याची मुभा होती. ‘वर्ष’ या एककाऐवजी ‘अभ्यासाचे तास’ हे एकक आले, हा बदल मूलगामी होता. तीन वर्षे सलग देऊ न शकणाऱ्या माणसालाही २,८८० तास हळूहळू जमविता येतात.

लोट्याच्या दृष्टीने या टप्प्याचे महत्त्व विशेष आहे. मुंबईचे सकाळचे महाविद्यालय कचेरीच्या ठरावीक वेळेवर आधारलेले होते. दहा ते पाच नोकरी करणाऱ्याला सकाळचे वर्ग सोयीचे होतात. रासायनिक कारखान्यातील प्रक्रिया अनेकदा चोवीस तास चालते. तेथील कामगाराची पाळी बदलती असते : कधी पहिली, कधी दुसरी, कधी रात्रपाळी. अशा माणसाला सकाळचे वर्ग आणि रात्रीचे वर्ग दोन्ही सारखेच गैरसोयीचे, कारण एका आठवड्यात जी वेळ मोकळी, तीच दुसऱ्या आठवड्यात कामाची असते. ७५ टक्के उपस्थितीची अट तर त्याला पाळताच येत नाही. म्हणून शहरी नोकरदारासाठी घडलेली लवचिकता लोट्यात जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. घरी बसून अभ्यास करण्याची सोय हे येथे पहिले खरे दार ठरते. परंतु रात्रपाळीहून आलेल्या विद्यार्थ्याला सिद्धतेची अडलेली पायरी समजावून कोण देणार, हा प्रश्न त्या दारापाशीही कायम राहतो.

४. कामातून शिक्षण : संकल्पना व तिचे गणिती रूप

कामालाच अभ्यासक्रमाचा भाग मानण्याची पद्धत अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. गणितात ती रुजविण्याचे ठळक उदाहरण कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे होय. १९५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात आलटून पालटून एक सत्र अभ्यास व एक सत्र सवेतन काम अशी रचना होती. १९६७ साली तेथे गणिताची स्वतंत्र विद्याशाखा निर्माण झाली आणि हीच रचना गणिताच्या विद्यार्थ्यांनाही खुली झाली.

भारतात १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा दीर्घकाळ प्रामुख्याने कारागिरीच्या व अभियांत्रिकीच्या क्षेत्रापुरता मर्यादित होता. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरही त्याच्या कक्षेत आले. २०२० साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये श्रेयांक पेढीची तरतूद झाली. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्गातील अध्ययनाबरोबरच मूल्यमापन झालेल्या कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याचे तत्त्व स्वीकारले. कर्व्यांच्या काळी ज्या तासांची नोंद करण्यास दप्तरात रकाना नव्हता, तो रकाना आता तत्त्वतः निर्माण झाला आहे.

त्या रकान्यात काय लिहावे हा यापुढचा प्रश्न होय. कारखान्यातील प्रत्येक काम गणित नसते, आणि तसे मानल्यास पदवीचा अर्थच उरणार नाही. परंतु काही कामांच्या पोटात खरे गणित असते. त्याचे एक साधे उदाहरण घेता येईल. रसायने साठविण्याच्या अनेक टाक्या आडव्या दंडगोलाच्या आकाराच्या असतात. टाकीत मोजपट्टी सोडून द्रवाची खोली पाहतात आणि तक्त्यावरून त्याचे आकारमान काढतात. खोली व्यासाच्या निम्मी असेल तर टाकी निम्मी भरलेली असते. खोली व्यासाच्या एक चतुर्थांश असेल तर मात्र टाकी २५ टक्के नव्हे, तर सपाट टोकांच्या टाकीत सुमारे १९.५ टक्केच भरलेली असते. तक्ता वापरणाऱ्या कामगाराला हे अनुभवाने ठाऊक असते. वर्तुळखंडाचे क्षेत्रफळ काढून तो तक्ता स्वतः तयार करणे, मोजणीतील एका सेंटिमीटरच्या चुकीचा परिणाम टाकीच्या मध्यावर सर्वांत जास्त व तळाशी किंवा माथ्याशी कमी का होतो हे दाखविणे, हा कलनशास्त्राचा अभ्यास आहे. तक्ता वाचणे हे काम झाले, तक्ता सिद्ध करणे हे गणित झाले. कामातून शिक्षण म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणे.

दुसरे उदाहरण गुणवत्ता नियंत्रणाचे. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली मांडलेला नियंत्रण आलेख आज उत्पादनक्षेत्रात सर्वत्र वापरला जातो. भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने ते १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले होते. नमुन्यांच्या नोंदी आलेखावर मांडणारा तरुण रोज संभाव्यता हाताळीत असतो. आलेखावरील मर्यादा सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवरच का आखतात, नोंदींचे वितरण प्रसामान्य नसेल तर काय होते, हे प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. सांडपाण्याच्या नमुन्यांच्या नोंदींबाबतही हेच म्हणता येईल. वाशिष्ठी नदी व दाभोळ खाडीच्या काठी राहणाऱ्यांच्या दृष्टीने त्या नोंदींचा अर्थ लावता येणे ही केवळ शैक्षणिक बाब नाही. स्थानिक तरुणांना नमुना किती वेळा व कोठे घेतल्यास तो विश्वसनीय ठरतो हे समजणे, हे त्या परिसराच्या हिताचे आहे.

५. दोन धोके

या नव्या व्यवस्थेचे स्वागत करताना दोन धोके लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिला धोका पदवीच्या सत्त्वाचा. कामाचे श्रेयांक देण्यासाठी अमूर्त बीजगणित, वास्तव विश्लेषण यांसारख्या विषयांना कात्री लावली, तर मिळणारी पदवी नावापुरती गणिताची राहील. तिच्या बळावर पुढील शिक्षणाचे दार उघडणार नाही आणि श्रमिकाच्या मुलासाठी दुय्यम पदवी अशी नवी उतरंड निर्माण होईल. १८८४ साली कर्व्यांची आणि गोखल्यांची पदवी एकच होती, हे त्या ताठर व्यवस्थेचेही एक बलस्थान होते. ते गमावता कामा नये.

दुसरा धोका श्रमाचा. शिकाऊ उमेदवार हा स्वस्त मनुष्यबळ म्हणून वापरला जाण्याची शक्यता असते. वर्षभर एकाच यंत्राजवळ उभे राहून एकच नोंद करणे याला अनुभव म्हणता येईल, अध्ययन म्हणता येणार नाही. म्हणून कामाचे तास मोजणे पुरेसे नाही. त्या तासांतून निर्माण झालेला प्रश्न, त्याची मांडणी आणि त्याचे उत्तर यांचे मूल्यमापन गणिताच्या अध्यापकाने केले पाहिजे.

निष्कर्ष

१. काम करीत गणिताची पदवी घेणे ही महाराष्ट्रात नवी घटना नाही. खेड तालुक्यात जन्मलेल्या कर्व्यांचे शिक्षण हे तिचे ठळक उदाहरण होय. नवी आहे ती कामाला मिळू लागलेली शैक्षणिक मान्यता.

२. या इतिहासात प्रथम वेळेची, नंतर स्थळाची आणि शेवटी आशयाची लवचिकता आली. वेळ व स्थळ यांची बंधने सैल झाली, तरी मार्गदर्शनाची उणीव भरून निघालेली नाही.

३. लोट्यासारख्या बदलत्या पाळ्यांच्या औद्योगिक क्षेत्रात सकाळचे किंवा रात्रीचे महाविद्यालय हा पुरेसा उपाय नाही. तेथे पाळीनुसार बदलणारे शंकानिरसनाचे तास आवश्यक आहेत आणि ते खेड-चिपळूण परिसरातील महाविद्यालयेच देऊ शकतात.

४. अनुभवाचे श्रेयांक हे गाभ्याच्या विषयांना पर्याय म्हणून नव्हे, तर त्यांना पूरक म्हणून असावेत.

समारोप

साताऱ्याच्या परीक्षाकेंद्रावरून एका मुलाला वय कमी दिसते म्हणून परत पाठविण्यात आले, तेव्हा त्याने केलेली पायपीट कोणाच्याही हिशेबात धरली गेली नाही. आज लोट्याच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून घरी परतणाऱ्या तरुणाची पायपीट हिशेबात धरण्याची तरतूद कागदावर झाली आहे. ती प्रत्यक्षात उतरविण्याची जबाबदारी धोरणकर्त्यांइतकीच या परिसरातील महाविद्यालयांची आणि गणिताच्या अध्यापकांची आहे. त्या तरुणाला सवलत नको आहे. त्याला जे येते ते तपासले जावे आणि जे येत नाही ते शिकविले जावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे.